भांडणाऱ्या बाईचा दवाखाना

मी चाकणच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षंच झाली होती. मूळची मी कोकणातली. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला. मग पुण्याला नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि पहिलीच नेमणूक इथे मिळाली. पुढे दवाखाना, मागे माझी एक खोली. डॉक्टर फक्त बाजारच्या दिवशी यायचे. एरवी सगळं मीच.

लोक येत, पण घरून आणलेल्या बाटलीत औषध भरून घेतलं की लगेच निघत. "बाईसाहेब, लई उपकार झाले," म्हणून काही जण पायाला हात लावत. मी पाय मागे घेई. "उपकार कसले? दवाखाना तुमचाच आहे," असं सांगे. ते हसून मान डोलवत आणि पुन्हा वाकत. दवाखाना आपला आहे असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

गावात माझं जाणंयेणं बाळंतपणापुरतं. मूल झालं की हात धुवायला गरम पाणी मिळे, चहा मिळे. बारशाचं बोलावणं मात्र येत नसे. विधवेला ते कोण देणार? संध्याकाळी कांद्याच्या गाड्या परतल्या की रस्ता मोकळा होई. मी पायरीवर बसे. समोरून जाणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करून "बसलात का?" एवढं विचारत. "हो, बसले," म्हणेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असत.

असं वर्ष गेलं. मग एके दिवशी दुपारी एक म्हातारी दारातूनच ओरडत आत आली. बाजारात कांदा निवडायला जाणारी होती. मागे तिची पोटुशी सून.

"ए बाई, हिचं बघ. कालपास्नं डोकं धरून बसलीया."

सुनेच्या पायांवर, तोंडावर सूज होती. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती. मी घाबरले. अशा बाईला झटके येतात, त्यात ती जाते आणि मूलही जातं, हे मी शिकताना पाहिलं होतं.

"आजी, हिला पुण्याला न्यायला हवं. डॉक्टरांशिवाय जमायचं नाही."

"मग डाक्तर कुठं हाय?"

"बाजारच्या दिवशी येतील."

"म्हंजी माज्या सुनंनं दुखनं बाजारापत्तुर धरून ठिवायचं व्हय?" ती खाली बसलीच. "सरकारनं हितं दवाखाना बांधला न्हवं? मंग सुनंचं हितंच कर. मी न्हाई हालत."

एस.टी. सकाळीच गेली होती. म्हातारीचा मुलगा पिंपरीला होता, सरकार पेनिसिलिनचा कारखाना उभारत होतं तिथल्या बांधकामावर. मी सुनेला आतल्या अंधाऱ्या खोलीत माझ्या अंथरुणावर निजवलं. म्हातारी दारात बसून मला बोल लावत राहिली. मला राग यायला हवा होता. पण कुणीतरी माझ्याशी हक्कानं बोलत होतं, आणि ते मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात पुण्याहून तपासणीला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांची जीप आली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सुनेला तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हातारी उभी राहिली.

"सायेब, हितं डाक्तर का न्हाई?"

"आजी, सरकारनं एवढं दिलंय ते काय कमी आहे? नर्स आहे, औषध आहे. सगळं सरकारनंच करायचं म्हटलं तर कसं होणार?"

"मताच्या वक्ताला आलता तो मानूस म्हनला, आता सरकार तुमचंच. मी रांगंत उभी ऱ्हाऊन मत दिलं. माजं हाय तर माज्या सुनंला डाक्तर दे. न्हाई तर माजं न्हाई म्हून सांग, मी जाते."

साहेब म्हणाले, "आजी, माझ्याकडे तीन तालुके आहेत आणि ही एक जीप. प्रत्येक गावाला डॉक्टर मी कुठून आणू?"

"ते मला काय ठावं? पर ही जीप तर हितंच हाय न्हवं?"

साहेबांनी ड्रायव्हरला मागचं बाक मोकळं करायला सांगितलं.

दवाखान्याच्या ओट्यावर कुंभारवाड्यातली एक बाळंतीण सकाळपासून बसली होती. नवव्या दिवशीच तापानं फणफणलेली. आमच्याकडचं पेनिसिलिन संपलं होतं, म्हणून मी तिला दुसऱ्या गोळ्या दिल्या होत्या. मी साहेबांना म्हटलं, "हिलाही न्या." ते म्हणाले, "बसून येणार असेल तर पुढे घेतो."

ती संकोचानं उठली. "मला कशाला सरकारी गाडी? म्या बरी हाय, बाई. घरी लेकरू हाय." मी तिचा हात धरला, समजावलं, घाबरवलंसुद्धा. तिनं हात सोडवून घेतला, मला नमस्कार केला आणि भिंतीचा आधार घेत घरी गेली. जीप म्हातारीला आणि सुनेला घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागली.

मी रोज तिला बघायला कुंभारवाड्यात जात होते. बाजारच्या दिवशी डॉक्टर आले, पण त्याच्या आदल्या दिवशीच ती गेली होती. तिचा नवरा दवाखान्यात आला तो मातीचे हात पुसत. मला वाटलं, आता हा मला बोलणार. मी बोल ऐकायला तयार होते. त्यानं वाकून नमस्कार केला. "तुमी लई केलं, बाईसाहेब. तिचंच नशीब न्हवतं." आणि गेला. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

सून महिन्याभरानं परतली, कुशीत मुलगी घेऊन. म्हातारी मला नात दाखवायला आली. मी तिला कुंभारणीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं.

"तिच्या घरचं कुनी भांडलं न्हाई व्हय?"

"नाही. नमस्कार करून गेले."

"मंग गरिबाच्या वतीनं भांडायला बी सरकारनं एक बाई ठिवाया पायजेल," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

भांडेल त्याला मिळतं आणि गप्प बसेल त्याला नाही, त्याला हक्क म्हणायचं का, हे मी मनाशी कितीदा घोळवलं. ज्याला विचारावं असं तिथे कुणी नव्हतं. म्हातारीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मग तूपण भांड. पुढच्या तपासणीला मी तेच केलं. साहेब म्हणाले, "तुम्हीसुद्धा, नर्सबाई?" कायमच्या डॉक्टरची जागा मंजूर झाली नाही. पेनिसिलिन तेवढं नेमानं यायला लागलं.

नात दाखवायला आली त्या दिवशी म्हातारी दिवेलागणीपर्यंत माझ्या पायरीवर बसली होती. चाकणात माझ्याकडे औषधाच्या कामाशिवाय बसलेली ती पहिलीच. मग नात रडायला लागली तशी उठली आणि "येते" म्हणून गेली.