मेन स्विच आणि नानांचा आवाज

गेल्या सोमवारी देवपूरच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत शिरले, तर फाइल सर्व्हरचा तांबडा दिवा लागलेला. डिस्क गेली होती... तरी मी शांत होते. दुसऱ्या डिस्कवर प्रत असणारच.

दुसरी डिस्क रिकामी निघाली.

अमळनेरच्या जुन्या तेलगिरणीत राबलेल्या माणसांच्या आठवणी आम्ही त्यांच्याच अहिराणीत रेकॉर्ड केल्या होत्या. त्या सांभाळणाऱ्या या सर्व्हरसाठी ओपन सोर्स, म्हणजे मोफत आणि खुली, सिस्टीम निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. डेबियन की फ्रीबीएसडी, यावर मी उन्हाळाभर वाचत बसले.

शेवटी फ्रीबीएसडी घेतली. फाइलींची पडताळणी तिच्यात अधिक काटेकोर वाटली... मध्यरात्रीनंतर सगळ्याची प्रत आपोआप निघावी, अशी व्यवस्थाही केली.

त्या सोमवारी दुसरी डिस्क रिकामी दिसल्यावर शिपाई आबांना विचारलं, "रात्री हे मशीन चालूच असतं ना?"

"चालू कसं राहील, ताई? मेन पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. शॉर्टसर्किट झालं तर पुस्तकं जळतील ना बठ्ठी, एकूण एक."

सकाळी माझ्याआधी येऊन ते मेन चढवत, मशीन आपोआप सुरू होई... मला कधी कळलंच नाही. आबांना दोष कसा देऊ? आमच्या दुकानात बाबाही मेन पाडूनच शटर ओढतात. हे पाहतच मी लहानाची मोठी झाले.

नंतर वाचलं, की राहून गेलेलं काम मशीन सुरू होताच उरकण्याची सोय डेबियनमध्ये आहे. त्याच डेबियनला मी फार साधी म्हणून नाकारलं होतं.

जळगावच्या डिस्क दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. आम्ही रेकॉर्ड केलेले गिरणीतले नाना हिवाळ्यात वारले. त्यांच्या लेकीचा परवा फोन आला, "ताई, मना बापना आवाज शे ना तठे?"

नाही, अक्का, नानांचा आवाज गेला... मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

आता नव्या डिस्कवर डेबियन आहे आणि प्रत दुपारी जेवणाच्या सुट्टीत निघते. आत अजून एकही आवाज नाही.

संध्याकाळी आबा दारातून विचारतात, "ताई, पाडू का मेन?" ते विचारतात, याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे...

मी म्हणते, पाडा.