निळ्या नाकांची बालवाडी

आमच्या माऊसवाल्या बाईंच्या बालवाडीतलं प्रत्येक पोर नाकावर निळा रंग घेऊन घरी यायचं. खरंच! उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये तळमजल्याची एक खोली, वीस पोरं आणि कॉम्प्युटर एकच. तोही डबडा, मागून फुगलेला.

गेमही एकच. बदकाला तळ्यातून घरी न्यायचं, मध्ये मगर. पण बाईंचा नियम भारी होता. खेळायचं दोघांनी. एकाच्या हातात माऊस, पण डोळ्यांवर पट्टी. दुसऱ्याला सगळं दिसतंय, पण हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. पट्टी म्हणजे माझी आई जीन्सच्या कारखान्यातून आणायची ते उरलेलं कापड. कोरं असल्याने रंग सुटायचा, म्हणून ती नाकं!

एकदा कोणाचे तरी पप्पा म्हणाले, "बाई, अजून एक कॉम्प्युटर देतो ना, फुकट."

"नको हो," बाई म्हणाल्या. "एकच आहे म्हणून पोरं बोलतात एकमेकांशी. दोन झाले की वर्ग गप्प."

आणि माझं तर सगळं बोलण्यावरच अडलेलं. आज मी कोणाला बोलू देत नाही, पण चार वर्षांची असताना घराबाहेर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मोठ्या शाळेने आईला सांगितलेलं, मुलाखतीत निदान नाव तरी सांगू दे, नाहीतर पुढच्या वर्षी या. आई रडकुंडीला आली. बाई तिला म्हणाल्या, "सारखं बोल बोल करू नका हो. तिला सांगायची गरज पडू दे."

मग रोज मला सांगणारी केलं. माऊस भावनाकडे. ती सिंधी, एक नंबर तोंडाळ. पट्टी बांधून ओरडायची, "अगं बोल ना! मेरा बदक मर गया तो तू देख!" मी गप्प. बदक रोज मगरीच्या पोटात. आठवडाभर हेच! पोरं वैतागली, "बाई, हिला नका ना घेऊ." बाई ढिम्म. "उद्या परत हीच सांगणार."

आणि एक दिवस कसंबसं बदक दारापर्यंत पोचलं, आणि भावना नेमकी त्याला मागे वळवायला लागली. मी किंचाळले, "मागे नको! भावने, मगर! पुढे, पुढे!"

बदक घरी! वर्गात नुसता दंगा! बाई शांतपणे म्हणाल्या, "मगरीचं काय झालं गं पुढे?" सुटेपर्यंत मी सांगतच होते. मुलाखतीत मी नाव सांगितलं, आणि मगरीची अख्खी गोष्टपण. शेवटी थांबवावं लागलं मला.

मागच्या महिन्यात बाई कायमच्या लेकीकडे नागपूरला गेल्या. मी सामान बांधायला गेले होते. डबडा कधीच बंद पडलेला, म्हणून मोबाईलवर तसलाच बदकाचा गेम दाखवला.

"पट्टी आणलीस का?" बाईंनी विचारलं.

आणली होती! आईकडून, कोरी करकरीत. बाईंनी स्वतःच बांधली, मोबाईल हातात घेतला. "हं, सांग. तुझ्या भरवशावर चालतेय."

मी एवढी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. दोनदा मगरीने खाल्लं, तिसऱ्यांदा घरी! बाईंनी पट्टी सोडली.

"बाई, नाक!"

"राहू दे गं," म्हणाल्या, आणि तशाच रिक्षात बसल्या.