सतराव्या मजल्यावरचं पाणी

जव्हारच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी लेखनाचा कोर्स घेतला तो मार्कांसाठी. मराठी आमची शाळेतली भाषा, घरातली वेगळी. त्यामुळे जड शब्द वापरले की चांगलं लिहिलं, अशी माझी समजूत. मॅडमनी घरातल्या एका माणसाच्या कामावर लिहायला सांगितलं. आम्हाला जमीन नाही. बा दर वर्षी दिवाळीनंतर ठाण्याला बांधकामावर जायचा. मी त्याच्यावर लिहिलं: घामाच्या धारा, डोळ्यांत आसवं, उंच इमारती बघून पिळवटणारं काळीज. दोन पानं सरसर झाली.

मॅडमनी विचारलं, "हे वडील म्हणाले?"

"नाही मॅडम. पण तसंच वाटत असणार ना."

"मग त्यांना वाचून दाखव."

रविवारी घरी, जामसरला गेले. बा ओट्यावर कोयत्याला मूठ बसवत होता, आई उडीद पाखडत होती. बानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हा कोन मानूस?"

"तूच ना, बा."

"मी कवा रडलो तिथं?"

"मग काय झालं ते तू सांग."

त्यानं कोयता खाली ठेवला.

"एकदा नळाच्या फिटरच्या हाताखाली व्हतो. सतरावा मजला. खिडक्या बसायच्या व्हत्या, नुसता वारा. फिटर बोलला, आज पानी सोडतील, तोटी धरून ऱ्हा. आधी हवाच आली, फुसफुस. मग पाइप थरथरला. आन पानी आलं! डोक्यावर हंडा नाय, कोनाचे पाय नाय, एकटं चढून आलं. मी तिथंच खाली बसलो. फिटर हसाया लागला."

आईचं सूप थांबलं. दर उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून टेकाड चढून ती दोन-दोन हंडे आणते.

"मला कधी नाय सांगितलं," ती म्हणाली.

"तू हंडे घेऊन येयाचीस. कसं सांगू?"

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "गार व्हतं का?"

"व्हतं."

इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्याच रात्री सगळं नव्यानं लिहिलं, बाच्या शब्दांत. मॅडमनी 'पानी'चं 'पाणी' केलं नाही. फक्त शेवटचं वाक्य खोडलं. त्यात मी या सगळ्याचा अर्थ सांगितला होता.

कोर्समध्ये परिच्छेद, विरामचिन्हं, बरंच शिकवलं. त्यातलं पुष्कळ विसरले. आता नोकरीला मोखाड्याला जाते. जीपमध्ये समोर कुणी म्हातारी, कुणी मजूर गुडघ्याला गुडघा लावून मुकाट बसलेला असतो. पूर्वी मी खिडकीबाहेर बघायचे. आता त्यांच्याकडे बघते, आणि एवढ्या माणसांनी केवढं काय बघून ठेवलं असेल, या विचारानं छाती दडपते.