आमच्या घरात काही आंबत नव्हतं

आमच्या घरात काहीही आंबू द्यायचं नाही, हा आईचा कायदा होता. उन्हाळा लागला की सगळं आळे गाव कुरडयांसाठी गहू भिजत घालायचं. दोन-तीन दिवसांत त्या गव्हाला आंबूस वास सुटायचा आणि तो आळीभर फिरायचा. त्या दिवसांत आई नाकाला पदर लावून पाण्याला जायची. आमच्याकडे कुरडया कधी झाल्याच नाहीत. इडलीचं पीठ नाही, आंबील नाही, आणि आदल्या दिवशीचं ताक जरा आंबट लागलं तरी ते म्हशीच्या घमेल्यात. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हिच्या घरात दही तरी कसं लागतंय, द्येव जानं." दही लागायचं, पण आई त्याच्याकडेही चोर पकडल्यासारखी बघायची.

कारण अगदी साधं होतं. माझे वडील प्यायचे आणि पिऊन आले की आईला मारायचे.

आमच्याकडे अशा नवऱ्याबद्दल 'जरा हात उचलतो' असं बोलायची पद्धत आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते हे ऐकलं की. वडील हात उचलत नव्हते. ते फुकणीनं मारायचे, बैलाच्या कासऱ्यानं मारायचे, जे हाताला लागेल त्यानं मारायचे. आईचं डोकं त्यांनी चुलीच्या कडेवर आपटलेलं मी पाहिलंय. रक्त राखेत पडलं, राख काळी झाली, आणि ते मागे सरकून पाटावर बसत म्हणाले, "भाकर टाक." आईनं कपाळाला पदर दाबला आणि दुसऱ्या हातानं भाकरी थापली. मी आणि धाकट्या भावानं ती भाकरी खाल्ली. भूक लागली होती.

सकाळी आई आमच्या केसांना तेल लावता लावता समजूत घालायची. "ह्ये न्हाई रं मारत पोरांनो. ती दारू मारती. मानूस लई चांगला हाय." आम्हाला ते पटायचं. लहान पोरांना बाप राक्षस असण्यापेक्षा बाटलीत राक्षस असलेला परवडतो. बाप तर रोज घरी यायचा, बाटली निदान बाहेर राहायची.

गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी करंजाच्या झाडीत हातभट्टी होती. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात कालवून पिंपं भरायची, ती अर्धी जमिनीत पुरायची आणि आंबू द्यायची. त्या आंबलेल्या पाण्याला सगळे 'रसायन' म्हणत. ते उकळायचं, वाफ थंड करायची, की झाली दारू. एकदा वडिलांनी आईचं मनगट पिरगाळून मोडलं. प्लास्टर ओलं होतं तोवरच तिनं आळीतल्या बायका गोळा केल्या आणि भर दुपारी ओढ्यावर नेल्या. कुणाकडे मुसळ, कुणाकडे खोरं, आईच्या चांगल्या हातात पहार. मीही मागून गेले.

भट्टीवाला आधी हसला. "वहिनी, घरचं भांडान घरात मिटवा की," म्हणाला. आईनं पहार फिरवली ती त्याच्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकं लाकूड मोडतं तसा. तो खाली पडून किंचाळत राहिला आणि बायका त्याला ओलांडून पिंपांवर तुटून पडल्या. रसायन फेसाळत ओढ्यात गेलं. आई त्या फेसात उभी राहून लाथा घालत होती, फेसाला शिव्या देत होती, एकेक शिवी अशी की मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकली नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन.

भट्टी मोडली म्हणून वडील थोडेच थांबणार होते? ते आळेफाट्याला जाऊन प्यायला लागले आणि येताना दमून आल्याचाही राग आईवर काढायला लागले. पुढे लिव्हर गेलं. रक्ताच्या उलट्या होऊन ते गेले तेव्हा आईनं ऊर बडवून घेतला. "दारूनं नेला माजा मानूस," हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. मला रडू आलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

अशा आईच्या पोटची मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. त्या फेसात कोण होतं ते मला बघायचं होतं. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली यीस्ट पाहिलं तेव्हा माझी निराशाच झाली. एकाच पेशीचा गोलसर जीव. त्याच्या अंगाला एक फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि सुटून वेगळा होतो, की झालं पोर. साखर खायची, मद्यार्क आणि वायू बाहेर टाकायचा. पाव फुगतो तो ह्याच्याच जोरावर. त्याच्यात माणसाच्या जनुकाचा तुकडा घातला तर तो औषधं करून देतो. काविळीवरची एक लस त्याच्याकडून करून घेतात, इन्सुलिनही करून घेतात. वर्षानुवर्षं मी ह्याच जिवाबरोबर काम करते आहे. सरळ प्राणी आहे. मी ओळखते त्या बहुतेक माणसांपेक्षा सरळ.

आता मी कॉलेजात शिकवते आणि इथल्या द्राक्षांवरचं रानटी यीस्ट शोधते. बाजारात मिळणारं यीस्ट आमच्या उन्हात पत्र्याखाली मान टाकतं. इथल्याच उन्हात वाढलेलं, तापलेल्या रसातही काम करणारं एखादं सापडेल, अशी माझी आशा. यीस्ट द्राक्षाच्या सालीवर असतं आणि फवारणीनं मरतं, म्हणून आमची द्राक्षबाग बघणाऱ्या भावाला म्हटलं, एक ओळ फवारू नकोस. "भुरी लागंल की सगळ्या बागंला! येडी का काय तू?" म्हणत त्यानं कडेची ओळ सोडली. ह्या मार्चमध्ये आम्ही तिच्यावरची काळी जंबो द्राक्षं तुडवली आणि रस बागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये पिंपांत भरून ठेवला. आई तेव्हा घोडेगावला मावशीकडे गेली होती. ती यायच्या आत मी नमुने घेऊन पिंपं धुणार होते.

ती आधीच आली. मावशीशी भांडण झालं होतं, म्हणजे डोकं तापलेलंच. एस्टीतून उतरून बागेच्या रस्त्यानं येताना तिला वास आला. मी शेडमध्ये वाकून पिंपातला रस काढत होते. मागून तिचा आवाज आला, "सर बाजूला." वळून बघते तर तिच्या हातात पहार.

"आई, ही दारू नाही. माझं काम आहे हे."

"वास कळतो मला. सर म्हन्ते."

मी पिंपाच्या पुढे उभी राहिले. तिनं माझ्यासाठी हात आवरला नाही. पहारीचं टोक माझा खांदा सोलून पिंपात घुसलं आणि काळपट लाल रस आमच्या दोघींच्या तोंडावर उडाला. मी पहार धरली. तिनं सोडली आणि दोन्ही हातांनी माझ्या मुस्काटात मारत सुटली. साठीच्या पुढची बाई, साखरेनं पोखरलेली, पण हात असा की माझा ओठ फाटला. भाऊ धावत आला, त्यालाही एक बसली. मग ती दुसऱ्या पिंपाकडे वळली आणि ते तिनं खांद्यानं ढकलून पाडलं. शेडभर लाल चिखल झाला आणि त्यात आम्ही तिघं घसरत होतो.

माझाही तोल गेला. मी तिचीच मुलगी.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देतेस तू!" मी ओरडले. "आयुष्यभर तेच केलंस. आणि ऐक, सकाळ-संध्याकाळ पोटात टोचून घेतेस ना, ते औषध ह्याच्याकडूनच करून घेतलेलं असतं. ह्याच जिवाकडून! ह्याच्यामुळं जगते आहेस."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, तोंडावरून रस गळत होता. मग घराकडे गेली. आम्ही पोचेपर्यंत तिनं फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या बाटल्या फरशीवर आपटून टाचेखाली चिरडल्या होत्या. काच तळव्यात घुसली होती आणि ती काढायलाही ती वाकली नाही.

"मरंन," ती म्हणाली, "पन त्येचं पानी अंगात घेनार न्हाई."

आई बोलते ते करते. भावानं नवीन बाटल्या आणल्या, तिनं त्या उकिरड्यावर फेकल्या. भावजयीनं झोपेत टोचायचा बेत केला तर तिच्या हाताला चावली. यीस्टनं केलेलं इन्सुलिन गाळून, धुऊन पार वेगळं काढतात, त्यात ना यीस्ट राहतं ना मद्यार्काचा थेंब, हे मी सतरा वेळा सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करायची. मग तहान लागली ती भागेना. ती तांब्यामागून तांब्या प्यायची आणि उलटून टाकायची. श्वासाला गोडूस वास यायला लागला, उतरून गेलेल्या फळांचा. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं, त्याचा हा वास. मी तो पुस्तकात वाचला होता. घरभर तो पसरला आणि आईला मात्र येत नव्हता.

फाट्यावरच्या दवाखान्यात नेलं तर तिनं हातातली सुई उपसली. चादरीवर रक्त उडालं, नर्सच्या पोटात लाथ बसली. डॉक्टर शांत माणूस होता, पण तोही चिडला. मला बाहेर बोलावून म्हणाला, "आज इन्सुलिन गेलं नाही तर तुमची आई जाईल. हात बांधू द्या."

"बांधा," भाऊ म्हणाला. तो रडत होता.

मी नाही म्हटलं. तिला धरून ठेवणारा एक माणूस तिच्या वाट्याला येऊन गेला होता, तेवढं पुरे. पण तिला मरूही द्यायचं नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, चुलीपाशी रक्त बघतानाही नाही. मी गाडी काढली, घरून माझा मायक्रोस्कोप घेतला, शेडमधल्या फुटक्या पिंपाच्या तळाशी उरलेला रस बाटलीत घेतला आणि परत आले.

काचपट्टीवर थेंब ठेवून मायक्रोस्कोप तिच्या खाटेवरच्या टेबलावर ठेवला. "तुझ्या शत्रूला बघून तरी मर," मी म्हटलं. गोड बोलून तिच्यापुढे काही चालत नाही.

भावानं तिला मागून आधार देऊन बसवलं. तिनं एक डोळा मिटला, दुसरा लावला. श्वास जोरात चालला होता.

"ह्येच?"

"हेच."

"हात न्हाईत ह्यास्नी."

"नाहीत."

"पाय?"

"तेही नाहीत. साखर खातात आणि पडून राहतात."

ती बघतच राहिली. मग तोंड न उचलता म्हणाली, "तुजा मामा पन पितो. पितो आन् झोपतो. मामीला कदी बोट न्हाई लावलं त्यानं."

भावानं माझ्याकडे पाहिलं.

एकदम तिनं मायक्रोस्कोपला असा धक्का मारला की तो टेबलावरून फरशीवर पडला आणि त्याचं नळकांडं मोडून पलंगाखाली गेलं. नर्स दचकून मागे झाली. मला वाटलं, संपलं, आता ही ऐकणार नाही. आईनं आपला हात नर्सपुढे केला. सुई उपसल्याच्या जागेवर निळं पडलं होतं.

"लाव गं बाई," ती म्हणाली.

नर्सनं घाबरत घाबरत शीर शोधली. सुई आत गेली तेव्हा आईनं डोळे मिटले नाहीत. ती मोडलेल्या मायक्रोस्कोपकडे बघत होती, आणि बोलली ती आमच्यापैकी कुणाशी बोलली ते मला सांगता येणार नाही.

"लगीन हून म्हैना न्हवता झाला. कालवनात मीठ जास्त पडलं व्हतं. पोटात लाथ घातली. मी भितीला जाऊन आदळले." तिनं श्वास घेतला. "तवा तुमचा बाप पीत न्हवता. दारू लई मागनं आली."