नानांचा खडा

आमच्या भागात मुतखडा हा आजार मानत नाहीत. उन्हाळा, क्षाराचं पाणी आणि दिवसभर शेतात राबणं यांतून तो होणारच, असं सगळे धरून चालतात. भडगावला राहणारे माझे काका, म्हणजे नाना, हे या विषयातले अधिकारी पुरुष. ओट्यावर पानफुटीच्या अकरा कुंड्या. दर रविवारी लोक येत, नाना पानं मोजून देत आणि अनशापोटी चावून खायला सांगत. पूर्वी कधीतरी त्यांचाच एक खडा पडला होता, तो काचेच्या बाटलीत ठेवलेला. नवा रोगी आला की आधी त्या बाटलीचं दर्शन, मग पानं.

त्याच वेळी नानांच्या डाव्या मूत्रपिंडात दुसरा, चांगला सुपारीएवढा खडा वीस वर्षं मुक्कामाला होता, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. काढून घ्या म्हटलं की ते म्हणत, "तो गपचूप बठेल शे, त्याले काब उठाडानं?" खरी अडचण वेगळी होती. खडे पाडणाराच खडा काढायला दवाखान्यात गेला, तर ओटा ओस पडला असता. प्रतिष्ठा सांभाळायला माणसं काय काय सांभाळतात. नाना खडा सांभाळत होते.

शेवटी ताप आला, लघवीत बुळबुळीत काहीतरी जायला लागलं आणि मी त्यांना जळगावला मेहरूणमध्ये माझ्या घरी आणलं. मूत्रपिंड सुजून निकामी झालं होतं. सर्जननं ते खड्यासकट काढलं. हे सगळं इतकं सुरळीत झालं की भडगावला नाना जमिनीच्या कामासाठी जळगावला गेलेत, एवढंच कळलं.

आठवड्यानं तपासणीचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तरात कर्करोग होता, आणि तोही तिथे नेहमी होणारा नाही, तर ग्रंथींच्या पेशींचा, आतड्यात होतो तसा. सर्जन चेहरा गंभीर ठेवण्याचा प्रयत्न करत होता, पण त्याला ते जमत नव्हतं. अशी केस हयातीत पहिलीच, असं तो तीनदा म्हणाला. घरी चालून आलेल्या उत्तम स्थळाबद्दल मुलीचे वडील बोलतात, तसा सूर. मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. या पेशी मूत्रपिंडातच जन्मल्या असतील तर आशा बरी. आतड्यातून तिकडे पसरल्या असतील तर नाही. आतड्याची दुर्बिणीनं तपासणी होईपर्यंत काही सांगता येणार नव्हतं.

ते चार दिवस भेटायला आलेल्या जळगावातल्या नातेवाइकांनी हलके करून टाकले. मुतखड्यावर प्रत्येकाकडे औषध होतं आणि कर्करोगावर प्रत्येकाकडे एक मेलेला मेहुणा. पण या आजाराचं नाव काढलं की खोलीत शांतता. यानं गेलेला माणूस कुणाच्याच ओळखीत नव्हता. इतका दिलासा मला कुठल्याही डॉक्टरनं दिला नाही.

आतडं स्वच्छ निघालं. मूत्रपिंडापासून खाली जाणारी नळी दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढली, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली.

पुढे धुळ्याला डॉक्टरांची परिषद भरली. सर्जननं नानांना आग्रहानं बोलावलं. नाना नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. शाल मिळणार अशी त्यांची समजूत. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला, शाली सगळ्या व्यासपीठावरच वाटल्या गेल्या. मग पडद्यावर नानांचं मूत्रपिंड आलं, उभं चिरलेलं, मधोमध खडा. नाव कुठेच नाही. नुसतं वय आणि शेतकरी. पुढे इंग्रजीत एक ओळ आली. तिच्यावर सर्जननं काठी टेकवली आणि सभागृहानं माना डोलावल्या. नानांनी अर्थ विचारला. मी सांगितला: बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलेला खडा, त्याच्या घर्षणानं आणि जंतूंमुळे अस्तर बदलत गेलं असावं.

"दुर्लक्षित?" नाना हळूच म्हणाले. "वीस वरीसपाईन मी त्यालेच तं दखी ऱ्हायनू."

धुळ्याहून मी त्यांना थेट भडगावला घेऊन आलो.

त्या रविवारी ओट्यावर जामनेरचे एक मास्तर आले. उजवी कूस दाबून धरलेली, दोन वर्षांचं दुखणं, तपासणी कधीच नाही. नानांनी बाटली आणली नाही. म्हणाले, "मास्तर, पानं नही. पहिले सोनोग्राफी करा."

मास्तरांना ही नानांची थट्टा वाटली. ते हसून म्हणाले, "नाना, तुमचा खडा पानांनीच तर गेला."

नानांनी कुंड्यांकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"एक पडना. दुसरा मांगला साली गया," नाना म्हणाले. "पन किडनी लईसन गया."

ओट्यावर आणखी पाच-सहा माणसं होती. मास्तर उठले आणि जाता जाता कुंडीतली चार पानं त्यांनी खुडलीच. नानांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, मास्तरांना माझ्या गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, "यासले जळगावले ली जाय."

जळगाव येईपर्यंत मास्तर मला कुळथाच्या पाण्याचे फायदे सांगत होते.