तेलाचा काटा

नेव्हिल ऑर्टनच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्या भिंतीच्या अलीकडून मी तीस वर्षं त्याला ओळखते, म्हणजे खरं तर त्याच्या ड्रिलला ओळखते. इंग्लंडमधल्या आमच्या हिंक्लीत मोज्यांच्या फॅक्टऱ्या चालू होत्या तेव्हा तो तिथली यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची बायको बेरिल माझ्या शेजारच्या मशीनवर बसून मोज्यांचे चवडे शिवायची. माणूस वाईट नव्हे. दारू नाही, आरडाओरडा नाही, पगार थेट बायकोच्या हातात. पण यंत्राची बारीकशी कुरकुर त्याला तीन खोल्या पलीकडून ऐकू यायची आणि बेरिलला एकच वाक्य दोनदा बोलावं लागायचं. फॅक्टरीत आम्ही बायका त्यावरून तिला चिडवायचो. तीही हसायची.

गाडी त्याने घरच्या गॅरेजमध्ये बांधली. भंगारातल्या एका गाडीचं इंजिन, पेट्यांमधून सुटा आलेला सांगाडा आणि वर फायबरचं अंग. कित्येक वर्षं चाललं होतं ते. दोन सीट, छप्पर नाही, दारं नाहीत, आत शिरायचं म्हणजे आधी सीटवर उभं राहायचं आणि मग खाली घसरायचं. रस्त्यावर चालवायची परवानगी मिळाली त्या दिवशी आख्खी गल्ली बाहेर आली होती. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

फक्त एक घोळ झाला होता. डॅशबोर्डचा पत्रा कापताना नेव्हिलने पहिली दोन भोकं मोठी पाडली. वेगाचं मीटर आणि इंजिनच्या फेऱ्यांचं मीटर एवढ्यानेच स्टीअरिंगमागची जागा भरली. पाण्याचं आणि पेट्रोलचं कसंबसं मधोमध बसवलं. तेलाच्या दाबाचं उरलं, ते पार डावीकडे, बेरिलच्या गुडघ्यांसमोर गेलं. नवा पत्रा आणायचा तर पुन्हा सगळं उकलावं लागलं असतं. मग त्याने बेरिललाच कामाला लावलं. काटा तिने वाचायचा आणि त्याने विचारलं की सांगायचं. धोक्याचा लाल दिवा त्याने बसवलाच नाही. दिवा लागेपर्यंत इंजिनचं वाटोळं झालेलं असतं, असं त्याचं म्हणणं.

घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबच्या सहलींना दोघं जायची. कधी वेल्सच्या डोंगरात, कधी समुद्रावर. वाऱ्याच्या आवाजात तो ओरडायचा, "तेल?" आणि ती ओरडून आकडा सांगायची. बाकी बोलणं नाहीच. त्या आवाजात करणार तरी काय, असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी जानेवारीत बेरिल बहिणीकडे, समुद्रकाठच्या मेबलथॉर्पला दोन दिवस म्हणून गेली आणि तिथून फोन केला, की मी आता परत येत नाही. हे मला नेव्हिलने कुंपणावरून सांगितलं, कचऱ्याच्या गाडीची वेळ बदलली हे सांगताना मधेच.

"येत नाही म्हणजे? काय झालं?"

"काही नाही. नाही येत म्हणाली."

"अरे, मग तू काय म्हणालास?"

"बॉयलरचा दाब कमी झाला की कुठला नळ फिरवायचा ते विचारलं. ती करायची ना ते."

मला इतका राग आला की मी कपडे वाळत घालायचे सोडून आत गेले.

त्याला दुःख झालं की नाही, हे मला वर्षभर कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. फॅक्टरी बंद होऊन काळ लोटला तरी तो फॅक्टरीच्या वेळेला उठायचा. टोस्टवर डब्यातले बीन्स ओतून खायचा. कुंपण रंगवलं, मग आधीच रंगवलेलं पुन्हा रंगवलं. काही हवंय का विचारलं की म्हणायचा, "ठीक आहे सगळं, सू." माझं सुमन त्याने पहिल्याच आठवड्यात अर्ध्यावर आणून ठेवलं होतं. गाडी मात्र झाकून ठेवली होती. डावीकडचा काटा वाचायला कुणी नव्हतं आणि न बघता चालवायची त्याची छाती होत नव्हती.

शेवटी वसंतात त्याने ठरवलं की सगळी मीटरं बदलायची. नवा पत्रा, पाच लहान मीटरं एका ओळीत, सगळी आपल्यासमोर. "ती सीट आता रिकामीच असणार," तो म्हणाला. चेहऱ्यावर काही नाही. टॉर्च धरायला मला बोलावलं.

जुना पत्रा सुटला तसा मागून वायरींचा गुंता बाहेर आला. प्रत्येक वायरीला त्याने कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलं. बाकीची मीटरं विजेवरची, पण तेलाचं जुन्या पद्धतीचं होतं. इंजिनमधून एक बारीक नळी थेट त्याच्या पाठीत येते आणि तिच्यातलं तेल काट्याला वर ढकलतं. नळी काढताना नेव्हिलने खाली चिंधी धरली. एक थेंबही पडला नाही.

त्याने नळी हलवली. फुंकून पाहिली. मग मीटर सायकलच्या पंपाला जोडून हवा मारली, तर काटा टुणकन वर गेला. मीटर चांगलं होतं. मग त्याने मला टॉर्च आत घालायला सांगितलं आणि हात खुपसून नळी चाचपत गेला. हीटरच्या पट्टीखाली ती चेपून कागदासारखी सपाट झालेली. आतलं तेल वाळून डांबर झालं होतं.

"हीटर कधी लावलास?" मी विचारलं.

"फॅक्टरी बंद झाली त्या हिवाळ्यात. बेरिलचे पाय गार पडायचे."

म्हणजे सात वर्षं झाली. सात वर्षं त्या काट्याने शून्य सोडलं नव्हतं.

मला आधी हसूच आलं. मग नेव्हिलकडे पाहिलं आणि हसू गेलं. तो ती चेपलेली नळी हातात घेऊन बाकावर बसला होता.

"चाळीस सांगायची ती," तो म्हणाला. "पंचेचाळीस सांगायची. चढावर इंजिन तापलं की पस्तीस सांगायची. बरोबर असायचं, सू. मी ऐकून वेग कमी करायचो. कुठून वाचत होती ती?"

मी टॉर्च विझवला.

त्याने त्या दिवशी नवीन नळी टाकली, नवी मीटरं बसवली, गाडी चालू करून सगळे काटे पाहिले. मला वाटलं, विषय संपला. आठवड्याने कुंपणाशी आला.

"शनिवारी मेबलथॉर्पला जातोय. तू चल. मला पाहून ती दार उघडणार नाही, तुला पाहून उघडेल."

"आणि जाऊन करणार काय?"

"विचारणार." मग बराच वेळ कुंपणाच्या रंगाचा पोपडा काढत राहिला. "आणि घेऊन येणार. आली तर. तुला बसने यावं लागेल, सीट दोनच आहेत. स्केगनेसपर्यंत बस आहे, पुढे ट्रेन. मी चौकशी केलीये."

माझी इतकी व्यवस्था माझ्या नवऱ्याने कधी केली नव्हती. नाही म्हणायला जीभ रेटेना.

वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. सगळे काटे त्याच्यासमोर होते, मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी डोक्याला स्कार्फ बांधून शेतं बघत होते. लिंकनच्या पुढे मला जाणवलं, की या सीटवर बसलं की आपण गाडीत आहोत की नाही याने कुणाचंच काही अडत नाही. बेरिलजवळ निदान आकडा तरी होता.

दार तिच्या बहिणीने उघडलं. मेव्हिस जिभेची तिखट. गेटपाशी ती बिनदाराची गाडी पाहून म्हणाली, "अगं बेरिल, तुझा नवरा आलाय बाथटबमधून!" मग मला मिठी मारली आणि नेव्हिलला म्हणाली, "बूट पूस." आणि आम्हाला स्वयंपाकघरात बसवून स्वतः दुकानात निघून गेली.

बेरिल बारीक झाली होती. केस पांढरे ठेवले होते. तिने चहा केला, माझी, माझ्या मुलांची चौकशी केली. नेव्हिल कोट न काढता बसला होता. त्याने खिशातून ती चेपलेली नळी काढून टेबलावर ठेवली.

बेरिलने ती उचलून पाहिली. "सापडलं वाटतं."

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं." तिचा आवाज जराही चढला नाही. "हीटर लावल्यावर पहिल्याच सहलीला. मेल्टनच्या पुढे. तू विचारलंस तेल, मी म्हटलं काटा उठत नाहीये. तू म्हणालास नीट बघ. मी म्हटलं शून्य आहे. तू पुन्हा म्हणालास नीट बघ. चार वेळा विचारलंस, नेव्हिल. मग गाडी चालवता चालवता वाकून स्वतः पाहिलंस, काचेवर ऊन होतं, तुला काही दिसलं नसणारच. म्हणालास, साधं मीटर वाचता येत नाही बाईला. पाचव्यांदा विचारलंस तेव्हा मी चाळीस म्हटलं. तू म्हणालास, बघ, दिसलं ना."

नेव्हिलने नळीकडे पाहिलं. "इंजिन बसलं असतं," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. त्याच्या पायावर पाय द्यावा असं वाटलं, पण टेबल मधे होतं.

"हो," बेरिल म्हणाली. "पहिलं वर्षभर मला भीती वाटायची. मग वाटेनाशी झाली. बसलं तर बसेल, असं वाटायचं. हळूहळू सगळ्याचंच तसं व्हायला लागलं. जेवण कसं झालंय म्हटलं तर चांगलं. बरी आहेस का म्हटलं तर बरी. सांगून काही उपयोग नाही म्हटल्यावर माणूस तुला आवडेल ते सांगतो. त्यात माझं मला काय वाटतं तेच कळेनासं झालं. आई गेली तेव्हासुद्धा मला रडू आलं नाही. तेव्हा मी घाबरले."

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. नेव्हिलच्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं, पण कपाला त्याने हात लावला नव्हता आणि चहावर साय धरली होती.

"घरी येतेस?" त्याने विचारलं. "गाडी बाहेर आहे. सू बसने जाईल."

"नाही."

मी वाट पाहत होते. तीस वर्षांच्या सवयीने मला माहीत होतं आता काय येणार. नीट विचार कर म्हणेल. पुन्हा विचारेल. तिसऱ्यांदा विचारेल, आणि ही थकून काहीतरी मऊ बोलेल, बघू म्हणेल, उन्हाळ्यात म्हणेल. बेरिलही वाट पाहत होती. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच इतका वेळ.

"बरं," तो म्हणाला. "येणार नाहीस."

त्याने कोटाची बटणं लावली आणि उठला. तेव्हा बेरिल रडायला लागली, ओठ दाबून नव्हे, चांगली हुंदके देऊन. नेव्हिल तसाच उभा. आपलं काय चुकलं ते कळेना म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि ती मला सांगत होती, "ऐकलं गं त्याने, सू. एका फटक्यात ऐकलं."