ग्रेगरीने वाचलेला कागद

ग्रेगरी गाणं ऐकताना डोळे मिटायचा. डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. आत काय ठरवतो, कोण जाणे!

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने इथे आखातात, जुफैरला ऑफिस उघडलं, तिथला हा माणूस. मूळ वसईचा, आमच्यातलाच. इकडच्या आपल्या लोकांकडची जुनी गाणी गोळा करून परदेशात विकायची, हे त्याचं काम. म्हणायचा, "काका, आपलं गाणं वसईत बसून म्हातारं झालं. आता त्याला विमानात बसवायचं. यल्ला, चला, लंडन, टोरांटो!"

मी म्हटलं, "आधी गाण्याचा व्हिसा दाखव." पोट धरून हसला. असं हसणाऱ्याचाही मला संशयच.

त्याला माझी कॅसेट हवी होती. मुलीच्या लग्नात तिला आंघोळ घालताना माझी बायको कार्मेलिन गायली, ती. अशा गाण्यात आमच्याकडे घरच्यांची नावं गुंफतात. कार्मेलिनने एरवी जन्मात माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी गाण्यात घ्यावंच लागलं. आता ती नाही. तिच्या तोंडचं माझं नाव तेवढ्या कॅसेटमध्ये आहे.

तीन शुक्रवार ग्रेगरी कराराचा कागद घेऊन हमद टाउनला आमच्या घरी आला. मुलगा वैतागला, "पप्पा, साइन करा, खलास!"

मी चौथी शिकलेला, पण न वाचता सही करणारा नाही. ग्रेगरीला म्हटलं, "कागद इंग्रजीत आहे ना? मराठीत सांग. मोठ्याने. एक शब्द गाळायचा नाही."

सुरुवातीला भरभर वाचत गेला. "आवाज कंपनीचा. कायमचा. सगळ्या देशांत." मग आवाज खाली आला. "परदेशी गिऱ्हाइकासाठी शब्द, नावं कापायचा हक्क... कंपनीचा."

तिथे थांबला. तीच ओळ पुन्हा मनात वाचली.

"काका, हा कागद मी किती घरांत दिला. असा मोठ्याने कधी वाचलाच नव्हता." घडी घालून त्याने तो खिशात टाकला. "सही करू नका."

"यात तुझी काय चाल आहे?" मी विचारलं.

त्याने चपला घातल्या आणि गेला. मी कॅसेट कपाटात कुलपात ठेवली.

दोन महिन्यांनी दुसराच एक जण तोच कागद घेऊन दारात.

"ग्रेगरी कुठाय?"

"त्याला काढला, अंकल. घरोघर जाऊन लोकांना हा कागद मराठीत वाचून दाखवत होता. कोणी सही करेना."

मी दारातून बाजूला झालो. त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," म्हटलं. "आता तू वाच."